दुसऱ्या मजल्यावरचा घाव

हिसागीच्या किल्ल्याच्या मनोऱ्यात शिरायचं तर बूट काढावे लागतात, आणि काढलेले बूट माझ्या ताब्यात येतात. एकवीस वर्षं मी त्या दारात बसते. कोण कसा माणूस आहे हे मला त्याच्या बुटांवरून कळतं, आणि वर जाऊन त्याने काय पाहिलं हे तो खाली आल्यावर त्याच्या तोंडावरून. टाच मोडून बूट घालणारे लोक जिन्यात हमखास डोकं आपटून घेतात. का ते मला विचारू नका, पण घेतात.

या एकवीस वर्षांतली सोळा वर्षं मी उराबेसानना रोज वर जाताना आणि खाली येताना पाहिलं आहे. शोझो उराबे, वय पंचाहत्तर, अंगात मार्गदर्शक मंडळाचं हिरवं जाकीट आणि पायात दोन मोज्यांवर तिसरा मोजा, कारण हिवाळ्यात त्या लाकडी जमिनीचा गारठा हाडापर्यंत जातो. खंदकावरच्या पुलासमोर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. चाळीस वर्षं गावातली निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून गेली. पुढे वस्तरा धरताना हात थरथरायला लागला तेव्हा कोणी सांगायच्या आत त्यांनी दुकान बंद केलं आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे बायकोच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरले. तीन महिन्यांत त्सुयाकोसान इतक्या वैतागल्या, की मंडळाचा फॉर्म त्यांनी स्वतः आणला आणि नवऱ्यापुढे टाकला. म्हणाल्या, "हात थरथरतो, जीभ नाही ना थरथरत? मग जा, तीच चालवा."

ती चालली. पगार नाही, एक जाकीट आणि दुपारचा चहा, पण उराबेसान कामावर जावं तसे यायचे. पर्यटकांची त्यांना मनापासून आवड. लोक लांबून येतात, दोन गाड्या बदलतात, उन्हात चढ चढतात, आणि आमचा किल्ला म्हणजे काय तर तीन मजल्यांचा लाकडी मनोरा. नावाजलेल्या किल्ल्यांपुढे आमचा किल्ला म्हणजे ताटातलं लोणचं. पण उराबेसान ते लोणचं असं वाढायचे, की जेवणच विसरावं. पहिल्या मजल्यावर ते सगळ्यांना पाय घासत चालायला लावायचे आणि म्हणायचे, चारशे वर्षं ही जमीन लोकांच्या मोज्यांनीच पुसली जाते आहे, आज तुमची पाळी. उंच माणूस दिसला की जिन्याच्या तोंडाशीच त्याला अडवायचे: "वाका. इथे भले भले सरदार वाकले, तुम्हाला काय धाड भरली आहे?" जिना शिडीसारखा उभा. बायका पायऱ्या चढताना घाबरल्या की ते सर्वांत मागे राहून, पाठ फिरवून उभे राहायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरचा खांब.

दक्षिणेकडच्या कोपऱ्यात एक जाड खांब आहे, दोन माणसांच्या कवेत येईल एवढा. त्याच्यावर जमिनीपासून हातभर उंचीवर एक तिरपा घाव आहे, चार बोटं लांब, बोटाचं एक पेर आत जाईल इतका खोल. तिथे उराबेसान थांबायचे. आवाज खाली आणायचे. सांगायचे, की सरदारांचं राज्य संपलं आणि किल्ला सरकारच्या हवाली करायचा हुकूम आला, तेव्हा कुरिहारा जिनएमोन नावाचा एक म्हातारा सामुराई एकटाच या मजल्यावर आला. त्याच्या बापाने, आज्याने, पणज्याने याच किल्ल्यावर पहारा केलेला. तो गुडघ्यावर बसला, तलवार काढली, खांबावर एकच घाव घातला, तलवार म्यानात सारली आणि घरी जाऊन तेंडूच्या कुळातली ती गोड फळझाडं लावत बसला, ज्यांची फळं आम्ही शरद ऋतूत सोलून दोरीला टांगतो. मरेपर्यंत त्याने पुन्हा तलवारीला हात लावला नाही. "गुडघ्यावर बसला होता," उराबेसान म्हणायचे, "म्हणून घाव इतका खाली आहे."

बायका डोळे पुसायच्या. एकेक जण पुढे होऊन त्या घावात बोट घालायचा. सोळा वर्षांत इतकी बोटं लागली, की घावाच्या कडा गुळगुळीत झाल्या आणि तो खरंच जुना दिसायला लागला.

घाव उराबेसाननी घातलेला आहे. १९५७ सालच्या उन्हाळ्यात, वयाच्या नवव्या वर्षी, घरच्या न्हाणीघरासाठी लाकडं फोडायच्या कोयत्याने.

मला हे कसं माहीत, तर माझा थोरला भाऊ ताकेओ तेव्हा जिन्याशी पहाऱ्याला उभा होता. त्या काळी किल्ल्याकडे कोणी बघायचं नाही, कौलांवर गवत उगवलेलं, राखणदार दुपारी झोपायचा आणि गावची सगळी पोरं आत लढाया खेळायची. कोयता खांबात रुतला, निघेना. निघाला तेव्हा दोघे जीव घेऊन पळाले. आमच्या ताकेओला भीतीने उचकी लागली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत थांबेना, आणि आईने पाठीत धपाटा घालून विचारलं तेव्हा त्याने सगळं ओकलं. आईने ते शेजारच्या बाईला सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला माहीत होतं.

पण आमच्या गावाची एक खोड आहे. दुसऱ्याची चूक दिसली की माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. राखणदाराने शाळेत जाऊन तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्या मुलांसमोर एवढंच म्हटलं, की ज्याने केलं त्याला ते ठाऊक आहे. झालं. कोणी कोणाला बोललं नाही. आणि सोळा वर्षांपूर्वी, जाकीट मिळून दोन आठवडे झाले असतील, निईगाताहून आलेल्या बायकांच्या एका घोळक्यातून कोणीतरी उराबेसानना विचारलं, हा घाव कसला? ते लाल झाले. पंचवीस बायका तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांच्या तोंडून तो म्हातारा सामुराई बाहेर पडला. त्या बायका खाली आल्या तेव्हा बूट घालता घालता मला तीच गोष्ट सांगू लागल्या, आणि माझा चहा नाकात गेला.

मी काही बोलले नाही. मंडळात मी धरून चौदा जण, त्यातले आठ उराबेसानच्याच शाळेत शिकलेले. तेही काही बोलले नाहीत. पहिल्या वर्षी सामुराईला नाव नव्हतं, दुसऱ्या वर्षी नाव आलं, चौथ्या वर्षी बायको आली आणि सातव्या वर्षी एक लंगडा कुत्रा. कुत्र्याबद्दल ऐकलं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष सुगायासान माझ्याकडे बघून नुसते खाकरले. पुलाजवळच्या मिठाईवाल्याने लाल चवळीचं पुरण भरलेला वाफवलेला बन काढला, वर सुरीने एक तिरपी चीर, नाव 'घाव'. चांगला खपतो. मीही खाते.

असंच चाललं असतं. पण गेल्या वसंतात नगर कार्यालयाच्या शिक्षण विभागात इतोगासान नावाच्या बाई बदलून आल्या. पस्तिशीच्या, बूट नेहमी ओळीत, टाचा जुळलेल्या. बाहेरगावच्या, त्यामुळे खिडकीबाहेर बघायची सवय नाही. त्यांनी उराबेसानची गोष्ट ऐकली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि कार्यालयात परत जाऊन थेट कामाला लागल्या. खांबाशेजारी पितळी पाटी बसवायची, तिच्यावर कुरिहारा जिनएमोनची हकिगत कोरायची, आणि तिसरीच्या मुलांच्या 'आपलं गाव' पुस्तिकेत एक पान घालायचं. तसा कागद काढून त्यांनी मंडळाकडे पाठवला. कोणाची हरकत असल्यास लिहावं, नसल्यास नावापुढे आपल्या सहीचा शिक्का मारून कागद पुढे द्यावा.

तो कागद चौदा घरं फिरला. मी चौदावी. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर तेरा लाल शिक्के होते. सुगायासानचा पहिला. मला वाटलं, अध्यक्षांनी मारला आहे म्हणजे त्यांनी कार्यालयात काहीतरी बोलणं केलं असणार. नंतर कळलं, की सुगायासानना वाटलं होतं, पुढच्या तेरांतला एखादा हरकत लिहीलच, तर आपण कशाला वाईट व्हा. मधल्या सगळ्यांना वाटलं, आधीच्यांनी मारला, तर आपण कोण मोठे शहाणे. हरकत लिहायची म्हणजे कारण लिहायला हवं, आणि कारण लिहायचं म्हणजे माणसाचं नाव घ्यायला हवं. बारावा शिक्का उराबेसानचा होता. चाळीस वर्षं वस्तरा सरळ चालवलेल्या माणसाचा शिक्का उलटा उमटला होता.

मीही माझा मारला. मला त्याची आजही लाज वाटते.

त्यानंतर उराबेसान बदलले. गोष्ट सांगायचे, पण घाईने, जेवताना खडा लागल्यासारखी. गोष्टीतून कुत्रा गेला, बायको गेली. एकदा तर घोळक्याला खांबापुढून सरळ तिसऱ्या मजल्यावरच नेलं आणि दूरच्या समुद्राबद्दल बोलत राहिले. त्सुयाकोसाननी मला भाजीच्या दुकानात गाठून विचारलं, किल्ल्यात काही झालं का, कारण हे घरी अचानक भांडी घासायला लागले आहेत. मी म्हटलं, मला काही कल्पना नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्याही त्याच शाळेतल्या.

मग एका सकाळी, किल्ला उघडायला अर्धा तास असताना, उराबेसान दारात उभे राहिले. मला म्हणाले, आत सोड. मी त्यांचे बूट घेतले आणि त्यांच्यामागून वर गेले. माझे गुडघे तक्रार करतात, पण त्या दिवशी त्यांना एकटं सोडावंसं वाटेना. ते खांबापाशी मांडी घालून बसले. खिडक्यांच्या फळ्या अजून बंद होत्या, फटींतून थोडा उजेड येत होता. कामावर मी त्यांना उराबेसान म्हणते आणि ते मला ओकीसान म्हणतात. तेव्हा त्यांनी मला लहानपणीच्या नावाने हाक मारली.

"मिझुए-चान, त्या कागदावर तू शिक्का मारलास?"

"मारला."

"का?"

"सगळ्यांचे होते."

"माझाही होता," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी त्या घावावर अंगठा फिरवला. "तोंडाने बोललेलं वाऱ्यावर जातं गं. न्हाव्याच्या दुकानात बोललेलं तर केसांबरोबर झाडूनच टाकतात. पण पितळ?"

मी म्हटलं, पितळ शंभर वर्षं टिकतं.

"तिसरीची मुलं वाचणार," ते म्हणाले. "मी तिसरीतच होतो."

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की शो-चान, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, उठा आता. शब्द अगदी जिभेवर होते. पण मी काय केलं, तर उठले आणि खिडकीची फळी उघडून बाहेर बघत बसले. सवय वाईट.

त्यांनी घावावरचा अंगठा काढला. मग म्हणाले, की मंगळवारच्या बैठकीत आपण बोलणार, आणि जाकीट परत देणार. खोटारड्याच्या अंगावर मंडळाचं जाकीट नको. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. त्या जाकिटाशिवाय हा माणूस सकाळी उठून काय करणार, हे मला कळेना. त्सुयाकोसानच्या भांड्यांचं काय होणार हेही कळेना.

मंगळवारी दुपारी बैठक झाली, खालच्या चौकीतल्या खोलीत. चौदाच्या चौदा जण आले होते, आणि पाटीचा मजकूर पक्का करायचा म्हणून इतोगासानही. चहा झाला. उराबेसान उठले, दोन पावलं मागे सरले, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी सांगितलं. कोयता, उन्हाळा, वय. ताकेओचं नाव घेतलं नाही, म्हणाले, मी एकटाच होतो. मग म्हणाले, कुरिहारा जिनएमोन नावाचा माणूस कधी नव्हता, तो मी निईगाताच्या बायकांसमोर बनवला. त्यांचा आवाज शेवटपर्यंत नीट होता. फक्त बापाबद्दल बोलताना जरा अडखळला.

"वडिलांनी दुसऱ्या दिवशी कोयता हातात घेतला," ते म्हणाले. "धार तुटलेली त्यांना दिसली. मी दारात उभा होतो. ते माझ्याकडे बघतील म्हणून वाट बघत होतो. त्यांनी दगड भिजवला आणि धार लावून कोयता जागेवर ठेवला. काहीही बोलले नाहीत. मरेपर्यंत बोलले नाहीत."

मग आमच्या मंडळाने जे केलं, ते आठवलं की मला अजून हसावं की रडावं कळत नाही. सुगायासान म्हणाले, "अरेच्चा. असं होतं होय." पाण्याच्या खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, नळ दुरुस्तीची पावती वाचावी तशा आवाजात म्हणाला. मंडळातल्या कुवाबारासाननी तोंडावर हात ठेवला. शाळेत उराबेसानच्या बाकावर बसलेले गृहस्थ म्हणाले, की आपल्याला कल्पनाच नव्हती. एकामागून एक आठही जणांना आश्चर्य वाटलं. मीही त्यात होते. मी म्हटलं, "कोणाला वाटलं असतं?"

खरंखुरं आश्चर्य एकट्या इतोगासानना वाटलं होतं. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी वहीतलं पान उलटलं आणि विचारलं, "मग पाटीवर काय लिहू?"

हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. सुगायासान चाचरत म्हणाले, की पाटीचं काही दिवस राहू दे, पुढेमागे बघू. पुढेमागे बघू म्हणजे आमच्याकडे नाही. पण उराबेसाननी मान वर केली. म्हणाले, खरं ते लिहा. इतोगासाननी विचारलं, तुमच्या नावासकट? सगळ्यांनी श्वास रोखला, असं कोणी तोंडावर विचारतं का. उराबेसान म्हणाले, नावासकट. शेवटी बरीच ओढाताण होऊन नाव वगळायचं ठरलं. पितळही नको, साधी लाकडी पाटी, एकच ओळ: हा घाव १९५७ साली या गावातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने कोयत्याने घातला. पुस्तिकेतलं पान इतोगासाननी स्वतःच खोडलं, आणि खोडताना त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. कुत्रा त्यांना आवडला होता.

मग उराबेसाननी जाकीट काढलं, दुकानात रुमालांची करायचे तशी त्याची चौपदरी घडी केली आणि सुगायासानपुढे सरकवली. सुगायासाननी त्या घडीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. म्हणाले, की रविवारी एहिमेहून संत्र्यांच्या बागांवाल्या तीस बायका येत आहेत, चढावर दमतील, त्यांना घेऊन जायला दुसरं कोणी मोकळं नाही. इथे आम्ही तेराही जण रिकामे बसलो होतो. कोणीही काही बोललं नाही. घडी तिथेच पडून राहिली. बैठक संपल्यावर सगळे निघाले तेव्हा बघितलं तर ती उराबेसानच्या काखेत होती.

उतारावर आम्ही दोघे मागे राहिलो. अर्ध्या उतारावर ते थांबले. मग म्हणाले, "सुगायाला नाटक अजिबात जमत नाही."

मला इतकं हसू आलं, की कठड्यावर बसावं लागलं. ते उभे राहून मी हसायची थांबेपर्यंत थांबले. मी विचारलं, आम्हाला माहीत आहे हे तुम्हाला कधी कळलं?

"मिझुए-चान, मी चाळीस वर्षं या गावाची डोकी धरली. माणूस काय गिळतोय ते मानेवरून कळतं."

"मग सोळा वर्षं कशाला सांगत राहिलात?"

ते खंदकातल्या माशांकडे बघत होते. म्हणाले, "मला वाटायचं, आज कोणीतरी म्हणेल, गप्प बस शोझो, पुरे झालं. नाव घातलं, कोणी बोललं नाही. बायको घातली, कुत्रा घातला. कुत्र्याला तरी बोलाल असं वाटलं होतं."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं मी समजत होते, की आम्ही या माणसाची लाज राखतो आहोत. आणि तो तिकडे एकटा दारात उभा राहून, कोणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून वाट बघत होता. मी म्हटलं, चुकलं आमचं. ते म्हणाले, चल, त्सुयाको वाट बघत असेल.

रविवारी एहिमेच्या बायका आल्या. तीस जोड्या बूट, सगळे चालण्याचे, माती नीट झटकून आलेले. त्यांच्यात एक अगदी म्हातारी होती, नव्वदीला टेकलेली, काठीवर निळी फीत बांधलेली. बाकीच्या तिला बाई म्हणत होत्या. बागांवाल्या निम्म्या बायकांना तिने शाळेत शिकवलेलं. मी तिला म्हटलं, जिना अवघड आहे, खाली माझ्याजवळ बसा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून तिची काठी धरली. मग बूट कुवाबारासानच्या हवाली केले आणि मीही त्यांच्यामागून वर गेले. दुसऱ्या मजल्यावर काय होतं हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

उराबेसान जाकीट घालून आले होते. पहिल्या मजल्यावर पाय घासायला लावले, जिन्यात पाठ फिरवून उभे राहिले, सगळं नेहमीसारखं. फक्त त्यांचे कान लाल होते. खांबापाशी थांबले. तिथे पाटी अजून लागायची होती. त्यांनी आवाज खाली आणला नाही. सरळ म्हणाले, की हा घाव माझा आहे. नऊ वर्षांचा असताना कोयत्याने घातला. आणि पुढे सोळा वर्षं इथे येणाऱ्या माणसांना मी खोटी गोष्ट सांगत आलो.

बायकांना आधी वाटलं ही थट्टा आहे. काही हसल्या. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. आणि ती निळ्या फितीवाली म्हातारी काठी टेकत पुढे आली, वाकून घाव पाहिला, त्यात बोट घातलं.

"कोणी मारलं का मग तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"रागावलं?"

"नाही, कोणीच नाही."

"मग कबूल कधी केलंस?"

"गेल्या मंगळवारी, बाई," उराबेसान म्हणाले.

सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. म्हातारी हसली नाही. तिने काठी माझ्या हातात दिली आणि उराबेसानना म्हणाली, "हात पुढे कर."

त्यांनी उजवा हात पुढे केला, थरथरणारा. तिने त्या तळहातावर आपल्या हाताने एक चापट मारली. जोराची नव्हती, पण आवाज झाला, आणि हसणं थांबलं.

"लोकांच्या वस्तूला असं करायचं नाही," ती म्हणाली. "आणि खोटं बोलायचं नाही."

पंचाहत्तर वर्षांचे उराबेसान तिच्यापुढे कमरेत वाकले. "चुकलो, बाई," ते म्हणाले. "पुन्हा करणार नाही."

तिने बरं म्हटलं आणि माझ्याकडून काठी घेतली. उराबेसानना ताठ व्हायला जरा वेळ लागला. कोणी खिडकीबाहेर बघितलं नाही, मीसुद्धा नाही. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला म्हातारीला हात दिला.